तुम्ही विचारलंत म्हणून: शेवंतीचं पोट

शेवंती या माझ्या चिंचिला मादीचे फोटो पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला हे विचारलं आहे. इथल्या नवख्या पैदासकारांनी विचारलं, साताऱ्याच्या मावसबहिणीने विचारलं, परवा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनीही विचारलं: "एवढी भरदार, टपोऱ्या डोळ्यांची मादी, आणि पोटाला जराशी पिवळट झाक आहे म्हणून तिची पिल्लं घ्यायची थांबलात? पोट बघतं कोण?"

मी बघते. का बघते ते फोनवर दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आधी जनावराची ओळख. चिंचिला हा चिलीतल्या अँडीज डोंगरांतला कुरतडणारा प्राणी, खारीपेक्षा मोठा आणि सशापेक्षा लहान. त्याच्या एकेका छिद्रातून पन्नास-साठ केस निघतात, त्यामुळे हात फिरवला की बोटांना केस लागतच नाहीत, नुसता मऊपणा लागतो. त्या फरपायी माणसाने त्याला इतकं मारलं की १९१० साली चिली, अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पेरू या चार देशांना शिकारबंदीचा करार करावा लागला. पुढे १९२३ साली मथायस चॅपमन नावाच्या खाण-अभियंत्याने अकरा जिवंत चिंचिला कॅलिफोर्नियात आणले. बोटीवर उकाड्याने मरू नयेत म्हणून त्यांना बर्फाचा गारवा देत आणलं होतं. आज अमेरिकेत घरोघरी पाळले जाणारे बहुतेक चिंचिला त्या अकरांच्याच वंशातले. माझ्या ओहायोतल्या तळघरात सध्या चौदा आहेत. (पुण्यात पाळता येईल का, हेही खूप जण विचारतात. पारा पंचवीसच्या वर गेला की यांच्या जिवाला धोका असतो. बारा महिने एसी चालवायची तयारी नसेल तर कृपा करून नका पाळू.)

मूळ रंग करडा. त्याला इथे स्टँडर्ड म्हणतात. पाठीवर हलकी फुंकर मारली की केस दुभंगतात आणि तीन पट्टे दिसतात: मुळाशी गडद निळसर करडा, मध्ये पांढरा, टोकाला काळा. पोट मात्र पांढरं, आणि पाठीचा करडा जिथे संपतो तिथली रेघ चांगल्या जनावरात अगदी स्पष्ट असते.

आता पांढरं म्हणजे कुठलं पांढरं, इथेच सगळी गोम आहे. आमची आजी आजोबांची धोतरं धुतली की शेवटच्या पाण्यात नीळ घालायची. कधी घरातली नीळ संपलेली असायची, तेव्हा चार धुण्यांत धोतराला सायीचा रंग चढायचा. एकटंच वाळत असलं तर ते पांढरंच वाटायचं. शेजारी नीळ दिलेलं दुसरं धोतर आलं की लगेच ओळखू यायचं. चिंचिलाच्या पोटाचं हुबेहूब तसंच आहे. इथले जाणकार 'ब्लू व्हाइट' म्हणतात तेव्हा मला आजीची ती बादलीच आठवते. हवं असतं ते निळीचं पांढरं. नको असते ती सायीची झाक.

म्हणूनच प्रदर्शनात एकाच रंगाची, साधारण एकाच वयाची जनावरं सारख्या पिंजऱ्यांत घालून टेबलावर शेजारी शेजारी मांडतात आणि वर पांढऱ्याशुभ्र उजेडाच्या नळ्या असतात. कुठलं जनावर कोणाचं हे परीक्षकाला माहीत नसतं. तो पिंजरे पुढे-मागे सरकवतो, हा इकडे, तो तिकडे, आणि तेवढ्यात तुमचा जीव वर-खाली होत असतो. आकार, बांधा, फरची दाटी, पोत हे सगळं तो बघतो, पण रंगाचा नितळपणा बघितल्याशिवाय पुढे जात नाही. एका फेब्रुवारीत फेअरग्राउंडच्या हॉलमध्ये शेवंती अशीच टेबलावर होती. माझ्या तळघरात ती सगळ्यांत उजवी दिसायची. त्या टेबलावर तिच्या डावीकडे कोणाची तरी लहानशी, जरा विरळच मादी ठेवली, आणि शेवंतीचं पोट माझ्या डोळ्यांदेखत दुधाच्या सायीचं झालं. परीक्षकाने काही बोलायच्या आधी मला कळलं होतं.

पण पोटच का? पाठ का नाही? कारण झाक असते ती बहुतेक वेळा अख्ख्या अंगावर असते. पाठीवर काळी टोकं आणि करडी मुळं तिला झाकून टाकतात. मधल्या पांढऱ्या पट्ट्यात ती शोधायला सरावलेली नजर लागते. पोटावर झाकायला काहीच नसतं. शेवंतीच्या मानेमागचे केस दुभंगून खिडकीपाशी नेऊन मी पुन्हा पाहिले, तर तो मधला पट्टाही निळसर नव्हता. मी वर्षभर तिच्या फरच्या दाटीवर इतकी खूश होते की ते मला दिसलंच नव्हतं.

हा नितळपणाचा मापदंड फरच्या धंद्यातून आलेला आहे. एका लांब कोटाला शंभराच्या वर कातडी लागतात आणि त्या सगळ्यांचा रंग एकमेकांशी जुळावा लागतो, पिवळट कातडं त्यात खपत नाही. मी फरसाठी एकही जनावर दिलेलं नाही, देणार नाही. मग त्यांचा मापदंड का पाळते, असं मला मावसबहिणीनेच विचारलं, आणि तिचं विचारणं रास्त होतं. माझं म्हणणं एवढंच की मापदंड कुठूनही आलेला असो, त्यामुळे या जनावराचा करडा रंग शंभर वर्षं टिकला. पाळीव जनावरांत कोणी बघितलं नाही की रंग हळूहळू मळकट होत जातो आणि मग मूळ कसा होता हेही कोणाला आठवत नाही.

आता माझी एक चूक सांगते, कारण तीही याच प्रश्नाच्या उत्तरात येते. शेवंतीच्या आधी माझ्याकडे टिकली होती. तिचं पोट पिवळं दिसलं आणि मी महिन्याभरात ती एका कुटुंबाला पाळायला देऊन टाकली. सहा महिन्यांनी त्यांनी फोटो पाठवले, तर पोट कापसासारखं. डाग होता तो! माझ्या पिंजऱ्यातला लाकडी भुसा ओला राहायचा, ती त्यावर बसायची आणि मुताचा डाग केसांवर बसला होता. तेव्हापासून मी घाई करत नाही. डाग केसांच्या टोकांवर असतो, फुंकर मारली की मुळाशी पांढरं दिसतं. झाक असेल तर ती मुळापासून टोकापर्यंत सारखी असते. तिसरी गोष्ट जुन्या केसांची: झडायला आलेली फर हवेने आणि काळाने पिवळसर पडते, मग नवी फर येते ती स्वच्छ असते. म्हणून आता माझा शिरस्ता असा की पोट संशयास्पद वाटलं तर कोरडं अंथरूण घालायचं, वाळूस्नान नियमित द्यायचं, नवी फर पूर्ण भरेपर्यंत थांबायचं आणि मगच दिवसाच्या उजेडात बघायचं. सात-आठ महिन्यांच्या आतल्या पिल्लाबद्दल तर मी मतच देत नाही.

बघायची रीतही सांगते. सकाळी दहाच्या सुमारास, उत्तरेच्या खिडकीपाशी, बाहेर बर्फ असेल तर फारच उत्तम. एक हात छातीखाली, दुसऱ्याने शेपटीच्या बुडाशी धरायचं, आणि अलगद उताणं करायचं. अंगावरची फर मुठीत आवळायची नाही, घाबरलं की चिंचिला फरचा पुंजकाच सोडून देतो आणि तिथे महिनोन्‌महिने टक्कल राहतं. दोन सेकंद बघायचं आणि खाली ठेवायचं. जास्त वेळ धरणं त्याला आवडत नाही.

पोटावर पिवळ्याखेरीज आणखी एक रंग येतो, राखाडी. तो मला जास्त महागात पडला. एका पैदासकाराकडून मी स्टँडर्ड म्हणून नर घेतला. बगलांजवळ, पोटाच्या कडेला, राखेचं बोट लागल्यासारखी पुसट सावली होती. मी म्हटलं धूळ असेल. त्याच्या दुसऱ्या वेताला एक पिल्लू आलं ते पोटावरही सरळसरळ गडद. नराच्या अंगात एबनी होता, म्हणजे पोटासकट अख्खं अंग काळं करू पाहणारा वाण. तो इतका हलका होता की पाठीवर दिसतच नव्हता, पोटाच्या कडेला तेवढा डोकावत होता. एबनी वाईट नाही, सुंदर असतो, पण स्टँडर्डच्या वंशात तो नकळत मिसळला की पोटाची ती स्पष्ट रेघ पिढ्यान्‌पिढ्या मागे लागूनही परत मिळत नाही. मला विकणाऱ्याला हे माहीत असायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

तर शेवंती. तिला मी लगेच काढलं नाही. अकरा जनावरांपासून वाढलेल्या वंशात दाट फर आणि एवढा बांधा सहजासहजी मिळत नाही, तो फेकून द्यायला मन होत नव्हतं. म्हणून माझ्याकडचा सगळ्यांत नितळ रंगाचा नर तिला लावला. जोडी लावताना मी एवढं पाळते की एकच उणीव दोघांत असता कामा नये. एकशे अकरा दिवसांनी दोन पिल्लं झाली, डोळे उघडे, अंगभर केस, तासाभरात पिंजऱ्यात फिरणारी. आठ महिन्यांनी त्यातल्या नर पिल्लाच्या पोटावर झाक दिसली. मादी, बकुळ, स्वच्छ निघाली. इतकी आनंदले होते मी की आईला व्हिडिओ कॉलवर उताणी करून दाखवली.

पुढच्या वर्षी बकुळला नात्याबाहेरचा स्वच्छ नर लावला. एकच पिल्लू झालं, आणि त्याच्या पोटावर आजीची साय परत आली.

झाकेचा हिशेब ब्लॅक वेल्वेट या काळ्याभोर पाठीच्या रंगप्रकारासारखा सोपा नसतो. तिथे एक जनुक, आहे किंवा नाही, आणि दोन ब्लॅक वेल्वेट एकमेकांना लावायचे नाहीत हे पाठ केलं की झालं. रंगाच्या नितळपणामागे कितीतरी गोष्टी एकत्र असतात आणि एक स्वच्छ पिढी मिळाली म्हणून त्या गेलेल्या नसतात. माझे आजोबा खरसुंडीच्या बाजारात खिल्लार खोंड आवडला तरी पैसे काढायचे नाहीत. मालकाच्या गोठ्यावर जाऊन आधी त्याची आई बघायचे. मी बकुळचं पोट बघत बसले आणि तिच्या आईचं विसरले.

म्हणून शेवंती आणि बकुळ दोघींचीही पैदास थांबवली. काहींना हे कठोर वाटतं. शेवंतीला यातलं काहीच दुखत नाही. झाक हा आजार नाही, तिचं आयुष्य पंधरा वर्षांचं असेल तर ते पंधराच वर्षांचं राहील. खरा कठोरपणा मी दातांच्या बाबतीत करते. वेडेवाकडे वाढणारे दात वंशात उतरतात आणि जनावराचे हाल हाल होतात. त्या वंशातलं जनावर रंगाने कितीही देखणं असो, मी त्याला दुसरी संधी देत नाही. झाकेला दिली, एक. कोणी मला विचारलं की नितळ पोट आणि शंका असलेले दात, की सायीचं पोट आणि धडधाकट दात, तर मी क्षणाचाही विचार न करता सायीचं पोट घेईन.

शेवंती माझ्याकडेच आहे. खालच्या पिंजऱ्यात बकुळसोबत राहते, रात्री अकराला वाळूच्या भांड्यात लोळते आणि सगळ्या तळघरात धूळ उडवते. तिच्याशी काही नातं नसलेल्या माझ्या दुसऱ्या जोडीला गेल्या महिन्यात एक मादी झाली आहे. आईचं पोट मी पाहिलंय, बापाचंही पाहिलंय, यंदा आजीचंही जाऊन पाहून आले. पिल्लाचं अजून पाहिलेलं नाही. अजून सहा महिने पाहणार नाही.