तुम्ही विचारलंत म्हणून : सायकलने नेमके किती पैसे वाचतात?

"काय ओ, खरंच पैसे वाचालेत काय?" मोटार सोडून सायकलने कामावर जाऊ लागल्यापासून हा प्रश्न मला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जेवणाच्या सुट्टीत विचारला जातो आणि लग्नाच्या पंगतीतही. मी एका कारखान्यात हिशेबनीस असल्यामुळे विचारणाऱ्याला चटकन एक आकडा हवा असतो. आकडा माझ्याकडे आहे, परंतु पहिल्या वर्षाचा आणि दुसऱ्या वर्षाचा आकडा इतका वेगळा आहे की दोन्ही सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

वडगावातल्या माझ्या घरापासून अनगोळच्या चौथ्या रेल्वे गेटवरून कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन दहा आणि कामाचे पंचवीस दिवस धरले, तर महिन्याला २५० किलोमीटर होतात. अरुंद गल्ल्या, गेट पडले की थांबणे आणि इंजिन तापते न तापते तोच प्रवास संपणे, यामुळे माझी जुनी मोटार लिटरला बारा किलोमीटरच्या पुढे कधी गेली नाही. आपल्याकडे पेट्रोल शंभराच्या वर आहे. गोव्याहून चोर्ला घाटाने परतणारे तिकडेच टाकी भरून घेतात ते उगीच नव्हे. त्या दराने कामावर जाण्यायेण्याचेच महिन्याला २,१०० आणि वर्षाला २५,२०० रुपये पेट्रोलवर जात होते.

हे सगळे पैसे हातात राहतील, अशी माझी समजूत होती आणि ती चुकीची निघाली. पहिल्या वर्षी पावसाचे दोन महिने आणि इतर काही दिवस मोटारच काढली, त्यामुळे पेट्रोलचे १८,९०० रुपये वाचले. त्यातून सायकलीचे ८,२०० आणि तिच्या दुरुस्तीचे १,५०० गेले. दारात ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या मोटारीची बॅटरी न वापरल्यामुळे उतरत उतरत निकामी झाली आणि नवी घालायला ४,६०० रुपये पडले. वर्षाअखेर हातात राहिले ४,६००. शिवाय विमा काही थांबला नाही. १००० ते १५०० सीसीच्या मोटारीला नुसता थर्ड पार्टी विमाच ३,४१६ रुपये, त्यावर कर वेगळा. गाडी रस्त्यावर धावो वा दारात उभी राहो, तो भरावाच लागतो. माझा पूर्ण विमा ७,४०० चा होता आणि सर्व्हिसिंग ४,८०० चे.

म्हणून मी अगदी कळकळीने सांगतो, की सायकल घेतली म्हणून फारसे पैसे वाचत नाहीत, ते मोटार विकल्यावर वाचतात. हा निर्णय घरात सोपा नव्हता. सौभाग्यवतींचे माहेर खानापूरचे, आणि तिकडे जायचे कसे हा त्यांचा प्रश्न रास्त होता. परंतु ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही, त्यामुळे खानापूरच्या फेरीला आता फक्त माझे तिकीट पडते. ही सवलत राज्यातल्या प्रवासापुरती असल्यामुळे कोल्हापूरच्या नातेवाइकांकडे जाताना मात्र दोघांचेही तिकीट काढावे लागते. रिक्षा, बस आणि अधूनमधून भाड्याची गाडी मिळून दुसऱ्या वर्षी ९,६०० रुपये खर्च झाले, सायकलीवर २,३०० झाले, आणि पेट्रोल, विमा व सर्व्हिसिंगचे ३७,४०० वाचले. शिल्लक २५,५०० रुपये. मोटारीचे आलेले पैसे यात धरलेले नाहीत. ज्यांच्या घरी आजारी आईवडील आहेत आणि रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागतो, त्यांनी मात्र माझ्या आकड्याकडे पाहून गाडी विकू नये.

सायकलीचा खर्च म्हणजे बहुतेक पावसाचा खर्च. आपल्याकडचा जुलै कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. लाल चिखलाचे पाणी चेनवर उडते आणि दोन रात्री ती तशीच राहिली, तर कड्याकड्यांत गंज धरतो, पायडल मारताना करकर ऐकू येते. माझा मिस्त्री डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने चेन पुसतो, चाक उलटे फिरवत प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडतो आणि वरचे तेल कोरड्या फडक्याने टिपून घेतो, कारण जास्तीच्या तेलाला चिखल चिकटतो. आता हे काम मी दर रविवारी घरीच करतो, आणि तेव्हापासून चेन बदलावी लागलेली नाही.

गेल्या आठवड्यात येळ्ळूरच्या भाच्याने हाच प्रश्न विचारला. त्याच्याकडे स्कूटर आहे, रोजचे अंतर बारा किलोमीटर आणि लिटरला पंचेचाळीसचे ॲव्हरेज. "मामा, माझे किती वाचतील?" वहीत मांडून दाखवले : महिन्याला सातशेच्या आत. एवढ्यासाठी लगेच नवी सायकल घे असे मी त्याला म्हटले नाही. आधी आठ दिवस माझी ने, असे सांगितले. सोमवारपासून ती त्याच्याकडे आहे. मी बसने कामावर जातो आणि त्या तिकिटांचा खर्च याच वर्षाच्या पानावर लिहितो आहे.