आमची वाटचाल : काळी कांडी सातचीच

होमस्कूलिंग करणाऱ्या, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवणाऱ्या पालकांना विषयवार अभ्यासक्रम निवडून, जुळवून, छापून, बांधून देणं हा आमचा धंदा. त्याला आम्ही 'संच' म्हणतो. १४ वर्षं झाली. लोक विचारतात, "म्हणजे पुस्तकं विकता का?" पूर्वी मी अर्धा तास समजावत बसायचे. आता 'हो' म्हणून मोकळी होते.

सुरुवात मी आणि सरांनी केली. सर ३० वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले आणि घरात बसून वैतागलेले. भांडवल म्हणजे माझा एक प्रिंटर, सरांचा लोखंडी पात्याचा जुना पेपर कटर आणि त्यांचीच रंगीत कांड्यांची एक लाकडी पेटी. कटरच्या पात्याला सर कुणाला हात लावू देत नसत. धार स्वतः लावायचे, आणि एका वेळी वीसच्या वर कागद घातले की मागून आवाज यायचा, "पातं आहे ते, कुऱ्हाड नाही."

कांड्या काय असतात हे या क्षेत्रातल्या माणसाला सांगायला नको. तरी सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यावरूनच घडलं. बेल्जियममधले शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी गणित शिकवायला काढलेल्या या कांड्या. पांढरी १ सेंटिमीटरची, लाल २ ची, फिकट हिरवी ३, जांभळी ४, पिवळी ५, गडद हिरवी ६, काळी ७, तपकिरी ८, निळी ९ आणि नारिंगी १०. कांडीवर आकडा नसतो, आणि सगळी गंमत त्यातच आहे. लाल आणि फिकट हिरवी टोकाला टोक लावली की पिवळीएवढी होते, हे मुलाच्या बोटांना आधी कळतं, आकड्यांत नंतर. आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह हा क्रम मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या मांडणीतून आला आणि १९८० च्या दशकात सिंगापूरच्या गणितात रुजून पुढे जगभर पोचला. बाजारात आकडे छापलेल्या कांड्याही आल्या, त्या सरांनी कधी दारात येऊ दिल्या नाहीत.

त्या कांड्यांवर सरांनी चार महिने खपून गणिताची प्लेसमेंट टेस्ट तयार केली. प्रश्न २४, वेळेचं बंधन नाही. मुलाला किती येतं यापेक्षा ते नेमकं कुठे अडतं, हे पाहायचं. ज्या पातळीवर दहातले आठ प्रश्न सहज सुटतात आणि दोन अडतात, तिथून संच सुरू. मग मुलाचं वय काही का असेना. इयत्ता मुलाची नसते, विषयाची असते, या एका वाक्यावर आम्ही दुकान मांडलं होतं.

हे वाक्य पटायला वेळ लागतो. आमच्या पहिल्या ग्राहक ताईंचंच बघा. तीन मुलं. मोठ्यासाठी फोन आला, "पाचवीचा पूर्ण संच पाठवा." आम्ही आधी टेस्ट पाठवली. मुलाचं वाचन सातवीच्या तोडीचं आणि गणित तिसरीचं निघालं. ताईंनी फोन आपटला. आठ दिवसांनी पुन्हा आला. "तिसरीचं द्या, पण मुखपृष्ठावर तिसरी लिहू नका." त्या दिवसापासून आमच्या एकाही पुस्तकावर इयत्ता छापलेली नाही. रंगाचा एक ठिपका असतो, बास.

याच ताईंनी आम्हाला धंदा शिकवला, असं मी सरांसमोरही म्हणते. इतिहास आणि विज्ञान त्या तिघांना एकत्र बसवून घ्यायच्या. उतारा एकच. मोठा त्यावर पानभर लिहायचा, मधली स्वतःच्या शब्दांत सांगायची, धाकटा चित्र काढायचा. ऐकलेलं पुन्हा सांगायला लावण्याची ही पद्धत ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी रुजवली. ताईंनी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं, तीन मुलं आणि दोनच हात यातून त्यांना ती सापडली. वर्षाअखेरीला त्या आमची शिक्षक-मार्गदर्शिका परत पाठवायच्या, समासात पेन्सिलीच्या नोंदींसह. 'पान ४१ : इथे रडला.' 'पान ५८ : उदाहरणं फार, एक सोडून एक घेतली.' आमची दुसरी आवृत्ती खरं तर त्या पेन्सिलीची आहे.

एक गंमतही सांगते. गणिताच्या अभ्यासक्रमांचे ढोबळ दोन प्रकार. मास्टरी, म्हणजे एक घटक पक्का होईपर्यंत तोच. आणि स्पायरल, म्हणजे थोडं थोडं सगळं, दर वर्षी त्याच घटकांकडे वरच्या पायरीवरून परत. ही कल्पना ब्रूनर यांनी १९६० मध्ये मांडली. तर एका मागणीवर मी लिहिलं होतं, 'गणित, स्पायरल नको.' बाइंडिंगच्या पोराने इमानदारीत स्पायरल काढलं आणि ३०० पानांच्या पुस्तकाला चार पिना ठोकल्या. पुस्तक तिसऱ्या दिवशी सुटं झालं. पोरगा अजून आमच्याकडेच आहे.

आता आमच्याकडून गेलेल्या दुसऱ्या एका पोराबद्दल. नाव घेणार नाही. आमच्याकडे आठ महिने होता, हुशार होता, कॉम्प्युटरवर हात चालायचा. एक दिवस आला नाही, आणि तीन महिन्यांनी त्याची जाहिरात आली : 'संपूर्ण इयत्ता, एकच पेटी, १८० दिवसांचं तयार वेळापत्रक.' गुळगुळीत पेटी, सोनेरी अक्षरं. आत एक प्लेसमेंट टेस्ट. प्रश्न २४.

आमच्या टेस्टच्या पहिल्या छपाईत सतराव्या प्रश्नात माझ्या टायपिंगची चूक होती, काळी कांडी ८ ची पडली होती. सरांनी रात्री बसून ३०० प्रतींवर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. फाइल मात्र दुरुस्त करायची राहून गेली. त्याच्या टेस्टमध्ये सतराव्या प्रश्नात काळी कांडी ८ ची. आणि कहर म्हणजे त्याच्या पेटीत कांड्याच नव्हत्या! त्याचेच ग्राहक आम्हाला फोन करायचे, "तुमच्याकडे काळी कांडी सुटी मिळेल का?" मी दिल्याही. सातच्याच दिल्या.

हसू आता येतं. तेव्हा आमच्या मागण्या निम्म्यावर आल्या होत्या. पालकांना टेस्ट नको, चर्चा नको, पेटी हवी होती. मी घाबरले आणि आम्हीही पेटी काढायची ठरवलं. सर म्हणाले, "जे घेऊ नका म्हणून लोकांना सांगत आलो, तेच विकायचं?" मी म्हणाले, "सर, पगार तत्त्वावर निघत नाहीत." दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. मी ६०० पेट्या छापल्या.

२१२ परत आल्या. न विकलेल्या वेगळ्या. परत आलेली पेटी कधी उघडून पाहिली आहे का? गणिताच्या वहीची पहिली ४० पानं भरलेली, मग आडवी रेघ, मग काही नाही. शेजारचं वाचनाचं पुस्तक दोन महिन्यांत संपलेलं, किंवा हातही न लावलेलं. १८० दिवसांचं वेळापत्रक २३ व्या दिवसापर्यंत टिक केलेलं आणि तिथून पुढे कोरं, कारण मूल एक आठवडा आजारी पडलं आणि आईला वाटलं आता आपण मागे पडलो. लिहिलेली वही पुन्हा विकता येत नाही, रद्दीतच जाते. लॅमिनेशन मशीन विकलं. दोन मुलींना कामावरून कमी करावं लागलं, त्यातली एक वर्षभर माझ्याशी बोलली नाही.

मी एकेक पेटी उघडून नोंद करत बसले : कोणत्या विषयात, कोणत्या पानावर मूल थांबलं. अकराव्या दिवशी सर आले. काही बोलले नाहीत. फाइल चाळली, पिना काढायचा चिमटा घेतला आणि न विकलेल्या पेट्यांतली पुस्तकं सोडवायला बसले. आम्ही सगळं फोडून विषयवार, पातळीवार पुन्हा बांधलं. त्याच आठवड्यात ताईंचा फोन, "पेटी काढलीत असं ऐकलं. मला नको. तिघांचे सुटे विषय द्या, पुढच्या वर्षाचे पैसेही आत्ताच घ्या." त्या पैशात कागद आला.

त्यानंतरची वर्षं बरी गेली.

कुणी विचारलेलं नाही, पण सांगते. सगळे विषय एकदम घेऊ नका. आधी गणित आणि वाचन, तेही पातळी तपासून. बाकीचं महिन्याभराने. पुस्तकाचं पहिलं प्रकरण सगळ्यांचंच गोड असतं, मधलं पान उघडा आणि ते दमल्या संध्याकाळी आपल्याला शिकवता येईल का ते बघा. काही मार्गदर्शिकांत पालकाने बोलायचं वाक्यन् वाक्य दिलेलं असतं. कुणाला तो आधार वाटतो, कुणाला चार दिवसांत गुदमरतं. अभ्यासक्रम मुलाइतकाच तुमच्या स्वभावाला झेपायला हवा. इंग्रजी वाचनाला आधी ध्वनी घ्या, २६ अक्षरांत साधारण ४४ ध्वनी आहेत, नुसतं 'ए फॉर' म्हणून भागत नाही. मास्टरीचं गणित घेतलंत तर उजळणी स्वतः घाला. शिकलेलं किती लवकर विसरतं हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच मोजून ठेवलंय. सर रोज पाच मिसळ प्रश्नांची चिठ्ठी देतात. आणि दर वर्षी गणिताचं पुस्तक बदलू नका! एकात अपूर्णांक आधी, दुसऱ्यात नंतर, आणि मूल मधल्या फटीत पडतं. नववीपासून पुढे काय शिकवलं, कोणते प्रयोग केले, याची तारीखवार नोंद ठेवा. प्रवेशाच्या वेळी मागतात, आणि नियम प्रत्येक देशाचे वेगळे असतात.

सर आता आठवड्यातून दोनदा येतात. कटरला धार अजून तेच लावतात.

परवा एका पालकांनी त्या दुसऱ्याची नवी पेटी दाखवायला आणली. नवी आवृत्ती, चकचकीत कागद. सरांनी चष्मा लावला, मधलं काही न बघता सतरावा प्रश्न काढला आणि पेटी माझ्याकडे सरकवली.

अजून आठच.