गुरुवारी सर हळू चालत होते

फोन पुण्याहून होता, एका मुलीचा, वडिलांसाठी. "मॅडम, तुम्ही बाहेर चालत चालत समुपदेशन करता असं ऐकलं. खरंय का?" वडील जालना जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिक्षक, वय ५२. तीन महिन्यांत पाच वेळा छाती धडधडून, घामानं भिजून खाली बसलेले, त्यातल्या चार वेळा शाळेतच, एकदा एसटीत. दर वेळी ईसीजी नॉर्मल. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांनी पॅनिक अटॅकचं निदान करून थेरपी सुचवली. सर एकदा गेले, टेबलापलीकडच्या खुर्चीत बसले आणि परत गेले नाहीत. मुख्याध्यापकांपुढं उभं केल्यासारखं वाटलं म्हणाले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सरांनी हा मजकूर वाचून होकार दिला आहे.)

मुलगी फार्मसी शिकलेली. तिनं मला तीन प्रश्न विचारले, आणि असे प्रश्न विचारणारे नातेवाईक क्वचितच भेटतात. पहिला, तुमचा नोंदणी क्रमांक काय? समुपदेशक ही पाटी आपल्याकडं कुणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी हवी, क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. चालत थेरपी देण्याची वेगळी पदवी किंवा परवाना नाही, त्यामुळं "वॉक थेरपिस्ट" शोधत बसू नये. आधी नीट शिकलेला थेरपिस्ट शोधावा आणि मग तो बाहेर यायला तयार आहे का ते विचारावं. मराठवाड्यात तर हाच मार्ग आहे.

दुसरा प्रश्न, रस्त्यात बाबांच्या ओळखीचं कुणी भेटलं तर तुम्ही काय म्हणणार?

तिसरा, बाबांना शुगर आहे, गोळी चालू आहे. तुम्ही मशीन जवळ ठेवता का?

तिसऱ्याचं उत्तर तेव्हा "नाही" होतं. त्याच आठवड्यात ग्लुकोमीटर घेतलं आणि सरांच्या फिजिशियनकडून चालण्याची लेखी परवानगी मागवली. खरं तर तेव्हाच एक प्रश्न मीही विचारायला हवा होता. तो राहिला. त्याचं पुढं येईलच.

माझ्याकडं पहिली दोन सत्रं खोलीतच होतात, कुणी कितीही आग्रह केला तरी. बाहेर कुणाला न्यायचं नाही ते तिथं ठरतं. आत्महत्येचे विचार तीव्र आहेत, लोक पाळत ठेवतात असा संशय आहे, दारू नुकतीच सोडल्यानं हात कापतात, रक्तदाब आटोक्यात नाही, अशांना रस्त्यावर नेणं म्हणजे दोघांनाही संकटात घालणं. पहिल्या गटातल्या माणसाच्या हातात तर मी त्याच दिवशी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून देते, मग पुढचं बोलते.

जागेचंही तसंच. इथं छत्रपती संभाजीनगरात हिमायत बागेत झाडी उत्तम, पण ते फळ संशोधन केंद्र आहे, आंब्याच्या दिवसांत राखण असते आणि पायवाटेवर दोघं शेजारी मावत नाहीत. एकामागं एक चालणं म्हणजे थेरपी नाही, वारी झाली. सिद्धार्थ उद्यानात गर्दी. गोगाबाबा टेकडी चढताना माणूस बोलू शकत नाही. मला लागतो सपाट, किमान सहा फूट रुंद, वाहनं कमी असलेला रस्ता, जिथून अडचणीत रिक्षा किंवा १०८ ची गाडी जवळ येऊ शकेल. विद्यापीठाच्या आवारातला, सोनेरी महालाच्या अंगाचा पट्टा या सगळ्यात बसतो. गोल फेरीपेक्षा जाऊन परत येणं बरं. २५ मिनिटांवर वळायचं, म्हणजे परतीच्या वाटेवर नवा विषय उघडायचा नाही हे आपोआप ठरतं. ५० मिनिटांत अडीच-तीन किलोमीटर होतात. गती अशी की पूर्ण वाक्य न तुटता बोलता यावं. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोभर चिकटते, तेव्हा खोली. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आत संपवायचं. कपार किंवा जुनी इमारत जवळ असेल तर आग्या मोहोळ आहे का ते आदल्या दिवशीच पाहून ठेवायचं.

लोक भेटण्याचा प्रश्न आपल्याकडं हवापाण्यापेक्षा मोठा. गोपनीयता हा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नं दिलेला हक्क आहे, पण रस्त्यावर कायदा वाचून दाखवता येत नाही. सर जालन्याहून साठ किलोमीटर लांब येत होते ते यासाठीच, तरी शिक्षकाला विद्यार्थी कुठं भेटत नाहीत? त्यातून पहाटे एका पुरुषाबरोबर परकी बाई. काय सांगायचं हे क्लायंटनं ठरवायचं आणि ते खोटं नसावं, खोटं लक्षात ठेवावं लागतं. सरांनी निवडलं, "ह्या मुलीच्या ओळखीच्या मॅडम." कुणी "चला, मी पण तिकडंच" म्हणत चिकटलं तर "मला एक फोन करायचाय" म्हणून थांबायचं. मी आधी नमस्कार करायचा नाही, नाव सांगायचं नाही. हे सगळं एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या.

बाहेरची पहिली तीन सत्रं मंगळवारी झाली. तिथं एक गोष्ट दिसली जी खोलीत दिसली नसती. भीतीचा विषय निघाला की सरांची पावलं वाढत. एसटीतल्या त्या झटक्याबद्दल बोलताना तर मला जवळपास पळावं लागलं. म्हणून तिसऱ्या सत्रात आम्ही गतीच धरली. धडधड सुरू झाली तरी चाल बदलायची नाही, पळायचं नाही, बसायचं नाही, छातीवर हात नेऊन तपासायचं नाही. लाट चढते, टेकते, उतरते. पॅनिकच्या उपचारातला हा नेहमीचा भाग आहे आणि सरांना तो चांगला जमला.

मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेच्या ड्यूटीमुळं मंगळवार जमेना, म्हणून चौथं सत्र गुरुवारी ठेवलं. पावणेसातला निघालो. सर नेहमीसारखे पाठ्यपुस्तकी मराठीत बोलत होते. विसाव्या मिनिटाच्या आसपास वाक्यं आखूड होऊ लागली. रस्ता सपाट, हवेत गारवा, आणि सरांच्या मानेवर घाम. मी काही विचारलं की उत्तर उशिरा येई, तेही तुसडं. "पर्यवेक्षक" म्हणायचं तिथं "परीक्षक" म्हणाले, स्वतःवरच चिडले. आणि पावलं हळू झाली होती.

तिथं मी अडखळले. या माणसाची भीती वेगात दिसते, मग आज उलटं का? घाम, थरथर, धडधड, हे तिघं पॅनिकमध्ये येतात, हृदयविकारात येतात आणि साखर उतरल्यावरही येतात. पण बोलताना शब्द चुकणं, चिडचिड आणि मंदपणा हे या तिसऱ्या कारणाकडं बोट दाखवतात. रस्त्याकडेच्या कठड्यावर सरांना बसवलं. छातीत दाब? हाताकडं, जबड्याकडं कळ? नाही. "हात थरथरायलेत. दहा मिनिटं झाली."

"मग बोलला का नाहीत, सर?"

"तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, तपासत बसायचं नाही, जाऊ द्यायचं."

मशीनवर आकडा आला ५४. सत्तरच्या खाली साखर म्हणजे उपचाराची वेळ. पिशवीत ग्लुकोज पावडर होती, तीन चमचे, साधारण १५ ग्रॅम, पाण्यात ढवळून दिली. अशा वेळी बिस्किट, चॉकलेट देऊ नये, त्यातल्या तुपा-तेलामुळं साखर रक्तात उशिरा पोचते. गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, १०८ लावायचा. सर पीत होते, म्हणून घड्याळ लावून बसले. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, ८१.

आता पोटात टिकणारं काहीतरी हवं. माझ्याकडचा बिस्किटपुडा सरांनी हातानं बाजूला सारला. "आज गुरुवार आहे, मॅडम."

गुरुवार! उपवास! पहाटे साडेचारला निघताना गोळी घेतलेली, वर फक्त चहा. रात्री पेपरांच्या गठ्ठ्यांपायी जेवणही अर्धंच. गोळी ग्लिमेपिराइड, जी शरीराला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. म्हणून ती दिवसाच्या पहिल्या मुख्य जेवणाबरोबर घ्यायची असते. एरवी सर ती साडेआठला जेवताना घेत. उपवासाच्या दिवशी मात्र, जेवणच नाही तर वेळ कशाला पाळायची, असा त्यांचा हिशेब. माझ्या फॉर्मवर गोळ्यांची नावं होती, त्या कधी आणि कशाबरोबर घेता हा रकाना नव्हता. राहिलेला प्रश्न तो.

एवढ्यात धावत एक मुलगा आला, थांबला, वाकून पाया पडला. "सर! इकडं काहून?" सरांनी घाम पुसला आणि ठरलेलं वाक्य ठरल्यासारखं म्हटलं. मुलगा माझ्याकडं पाहून "नमस्ते मॅडम" म्हणाला आणि पुढं काही विचारलं नाही. गेटवरून चार केळी आणायचं काम सरांनीच त्याला लावलं. केळं उपवासाला चालतं.

साखर सापडली म्हणून तिथंच मिटवायचं नसतं. वय ५२, मधुमेह. मधुमेह्यांत हृदयविकार छातीत न दुखताही येतो. सत्र थांबवून सरांना थेट फिजिशियनकडं नेलं, ईसीजी काढला. तो नीट निघाला. डॉक्टरांनी गोळीचा डोस आणि वेळ बदलली, आणि उपवास करायचाच तर त्या दिवशी काय घ्यायचं ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दिलं.

पुढच्या आठवड्यात खोलीत बसून आम्ही कॅलेंडर उघडलं. पाच झटक्यांपैकी तीन गुरुवारचे, साडेदहाच्या प्रार्थनेच्या वेळचे. चौथा स्नेहसंमेलनाच्या दिवशी, जेवण राहिलेलं. पाचवा एसटीतला, भरल्या पोटी, अंबडच्या रस्त्यावर, बाहेर पडायला जागा नसताना. तो मात्र खरा पॅनिक होता, आणि आधीच्या झटक्यांनी मनात पेरलेल्या भीतीवर उगवलेला. म्हणजे निदान चुकलं म्हणावं तर तसंही नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत चहा-साखर पोटात गेलेली असायची, तिथं साखर नॉर्मल आणि ईसीजीही नॉर्मल, मग उरतं काय, टेन्शन.

लाटेची शिकवण मी सोडलेली नाही, तिच्याआधी एक पायरी घातली आहे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यानं धडधड सुरू झाली की आधी बोट टोचायचं. आकडा १०० च्या वर असेल तर मग लाट, चाल आणि बाकी सगळं. एसटीवरचं काम पुढं सहा सत्रं चाललं. बसस्थानकापर्यंत चालत, मग उभ्या गाडीत पाच मिनिटं बसून, मग एक थांबा. मुलीनं मध्ये फोन केला होता, तिचा चौथा प्रश्न घेऊन.

"मॅडम, पिशवी गाडीत ठेवता का? मशीनच्या पट्ट्या उन्हात खराब होतात. आणि एक्स्पायरी बघितली का?"

पिशवी गाडीतच होती. डबी उलटी करून पाहिली, तारीख त्याच महिन्याची होती.