बंदुकीची लाथ आणि माझा खांदा

पहिला बार काढला तेव्हा बंदुकीची लाथ मला खांद्यात बसलीच नाही, दंडात बसली. उजव्या हाताचा अंगठा दस्त्यावरून, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडावरून, मागे येऊन वरच्या ओठावर आदळला आणि ओठ आतून दाताला लागून फुटला. दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग उठला. तो आधी जांभळा झाला, मग कडेने हिरवट, मग पिवळा. पूर्ण जायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मी दोनदा ठरवलं, की परवाना परत करून टाकायचा.

परवाना मूळचा बाबांचा. आचऱ्याच्या खाडीजवळ आमची हापूसची साठेक कलमं, थोडे काजू आणि भाताचे दोन कुणगे आहेत. फेब्रुवारीपासून केलडी, म्हणजे माकडं, कैऱ्या कुरतडून टाकतात, भात पोटरीवर आलं की रात्री डुकरं उतरतात. म्हणून बाबांनी फार वर्षांपूर्वी शेतसंरक्षणाच्या परवान्यावर 12 बोअरची एकनळी छऱ्यांची बंदूक घेतली. जनावर मारायला नव्हे. 1972 चा वन्यजीव कायदा आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. बार काढायचा तो आवाजासाठी. बाबांनी सत्तरी ओलांडली, डोळ्यांत मोतीबिंदू आला, आणि घरात बंदूक हाताळायला तयार अशी मीच उरले. 2016 च्या शस्त्र नियमांत सत्तरी पार केलेल्या परवानाधारकाला आपलं शस्त्र वारसाच्या नावे करता येतं, आणि नव्या परवानाधारकाला सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. अर्ज, वारसांची संमतीपत्रं, पोलीस पडताळणी, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या हे सगळं झालं. वेळ गेला, पण त्याचं मला काही सांगायचं नाही. सांगायचंय ते त्यानंतरचं.

रेंजवर पहिल्या दिवशी बरोबर आलेल्या ओळखीच्या एका गृहस्थांनी माझ्या हातात बंदूक दिली, एलजीचं, म्हणजे मोठ्या छऱ्यांचं, काडतूस भरलं आणि म्हणाले, "मार, काय नाय होत." मागे उभे असलेले तिघे-चौघे मी कशी मागे जाते ते बघायला थांबले होते. नवशिक्याला, त्यातून बाईमाणसाला, हलकी बंदूक आणि भारी काडतूस देऊन गंमत बघायची ही पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मला ती क्रूर वाटते. धोक्याचीही वाटते, कारण धक्क्याने हबकलेल्या माणसाच्या हातून बंदूक सुटू शकते आणि नळी कुठेही फिरू शकते.

घरी आल्यावर बाबांनी दंड बघितला आणि नुसतं एवढंच म्हणाले, "गो बाय, सैल धरलंस. सैल धरलंस काय ती लात मारतलीच." आईने तव्यावर वाळू गरम करून पुरचुंडीने शेक दिला.

मला खरं शिकवलं ते पुढच्या वाडीतल्या निवृत्त सुभेदार काकांनी. तेच आमचे प्रशिक्षक झाले. त्यांनी पहिल्या दिवशी काडतूस भरलंच नाही. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून दस्त्याचं बूड माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला टेकवलं, हात काटकोनात वाकवला आणि म्हणाले, "आता बोट चापापर्यंत पोचतं का बघ." बोट पोचलं नाही, इंचभर अलीकडे राहिलं. बाबा पावणेसहा फूट, मी पाच फूट एक इंच. बंदूक त्यांच्या हाताच्या मापाची होती. दस्ता लांब पडला, की माणूस नकळत तो खांद्याच्या खोबणीतून बाहेर, दंडावर सरकवतो. माझा डाग दंडावर का उठला, ते तेव्हा कळलं. इतके दिवस मी समजत होते, की माझा खांदाच कमजोर आहे.

मग काकांनी कागदावर हिशेब करून दाखवला. आमची एकनळी जेमतेम पावणेतीन किलोची. काडतुसातून तीसेक ग्रॅम छर्रे सेकंदाला चारशेच्या आसपास मीटर वेगाने पुढे जातात. त्यांच्यामागून जळलेल्या दारूचा वायू जातो, तो त्याहून कितीतरी वेगाने. जेवढा जोर पुढे, तेवढाच मागे. त्यामुळे बंदूक सेकंदाला साधारण पाच मीटर वेगाने खांद्याकडे येते. काका नोकरीच्या सुरुवातीला ज्या .303 रायफलीवर शिकले, ती चार किलोची. तिची गोळी अकरा ग्रॅमची आणि वेग सेकंदाला साडेसातशे मीटरच्या जवळ. नाव मोठं, पण ती मागे येते सेकंदाला तीन मीटरच्या आतच. म्हणजे लढायांत वापरलेल्या रायफलीपेक्षा आमच्या माळ्यावरची हलकी एकनळी जास्त जोरात मारते. हे ऐकून मला रडूच आलं, सुटल्यासारखं वाटलं. हत्ती-गव्यांवर चालवायच्या जुन्या भारी रायफली पाच-सहा किलोच्या का असायच्या, तेही तिथेच समजलं. वजन खांद्याच्या बाजूने उभं राहतं.

काका पुढे म्हणाले, की .303 चा खांदेदुखीचा लौकिक पालथं पडून फायरिंग केल्यामुळेही झाला. उभा माणूस धक्क्याबरोबर थोडा मागे झुलतो, पडलेल्याला जागा नसते, सगळं खांदा खातो. नंतर हातात आलेली 7.62 ची एसएलआर त्यांना मऊ वाटली, कारण तिच्यात वायूचा काही जोर पुढची गोळी भरण्यात जातो.

दस्ता कापायला आम्ही परवाना असलेल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडे गेलो. हे महत्त्वाचं: नळी आखूड करणं हा गुन्हा आहे, दस्त्याचं लाकूड मापात आणणं नव्हे. त्यांनी पावणेदोन इंच लाकूड काढलं आणि पाऊण इंची रबरी पॅड बसवला, म्हणजे दस्ता एकूण इंचाने आखूड झाला. भारी काडतुसंही बंद केली. त्यांच्याऐवजी कमी भाराची, बारीक छऱ्यांची काडतुसं घेतली. केलडी पळवायला आवाजच लागतो, आणि तो हलक्या काडतुसाचाही पुरेसा होतो.

पकड शिकायला तीन दिवस गेले. डावा पाय पुढे, गुडघा किंचित सैल, अंगाचा भार पुढच्या पायावर. बंदूक वर आणायची ती आधी गालाला, मग खांद्याला. डाव्या हाताने मागे ओढून बूड खोबणीत बसवायचं, उजवा कोपर जरा उचलायचा म्हणजे तिथे स्नायूची गादी तयार होते. घट्ट बसली, की बंदुकीबरोबर माझे पन्नास किलोही मागे ढकलावे लागतात, म्हणून लाथेचं ढकलणं होतं. सैल राहिली, तर ती आधी वेग घेते आणि मग आदळते. बाबांचं "सैल धरलंस" शंभर टक्के खरं होतं.

बायकांसाठी एक गोष्ट सांगते, ती मला कुणी सांगितली नव्हती. आतल्या कपड्याच्या पट्टीची कडी बरोबर दस्त्याखाली येते आणि बार निघाला की मांसात रुतते. ती पट्टी बाजूला सरकवायची किंवा कडी मागे असलेला कपडा घालायचा. मंगळसूत्र आत टाकायचं.

एवढं होऊनही नेम लागेना. वीस पावलांवरचा कागद कोराच राहायचा. एका सकाळी काकांनी माझ्याकडे पाठ करून काडतूस भरलं, घोडा (चापाने सुटणारी मागची हातोडी) न चढवता बंदूक दिली आणि म्हणाले, "मार." मी घोडा मागे ओढून चढवला, नळीच्या टोकाची माशी कागदावर धरली, चाप दाबला. नुसती टक् झाली. आत नकली काडतूस होतं. पण बार न निघताच नळीचं तोंड चार बोटं खाली गेलं होतं, माझे डोळे मिटले होते आणि खांदा पुढे उसळला होता. लाथ यायच्या आधीच मी लाथेला उत्तर देत होते. मोबाइलवर काढलेला तो व्हिडिओ मी अजून ठेवलाय.

काका म्हणाले, भीती निम्मी कानातली असते. 12 बोअरचा आवाज 150 डेसिबलच्या पुढे जातो, एकदा नागडा कानावर पडला की शरीर विसरत नाही. तेव्हापासून कानात बोळे आणि वर कान झाकणारा मफ, दोन्ही. खरं आणि नकली काडतूस मिसळून रोज दहा बार, त्याहून एकही जास्त नाही. दुखऱ्या खांद्याने सराव केला, की दचकणंच पक्कं होतं. चाप हळूहळू दाबायचा, बार कधी निघाला ते आपल्यालाच कळता कामा नये. सहाव्या दिवशी नकली काडतुसावर माझी नळी जागची हलली नाही. काका काहीच बोलले नाहीत, फक्त पुढचं खरं भरलं.

मधे आचारसंहिता लागली आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. ती परत आली तोवर कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या होत्या.

एप्रिलच्या एका सकाळी केलडी कोपऱ्यातल्या कलमांवर आली. बाबा पायरीवर बसलेले. मी मफ चढवला, चिऱ्याच्या जुन्या खाणीच्या भिंतीकडे तोंड केलं, पलीकडे कुणी नाही ना ते दोनदा पाहिलं आणि बार काढला. फांद्या सळसळल्या, टोळी गडग्यावरून पलीकडे गेली. मी नळी बिजागरीवर खाली वाकवून रिकामं काडतूस काढलं आणि बाबांच्या हातात दिलं. त्यांनी सवयीने ते नाकाशी धरलं, मग वहीत तारीख लिहून एक काडतूस कमी केलं.

"दाखय खांदो," म्हणाले.

मी कपड्याचा गळा जरा सरकवून दाखवला. त्यांनी वाकून, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी अगदी जवळून बघितलं, बोट फिरवलं. काही नव्हतं.