खडू ज्याच्या हातात

ऑफ तासाला मॉनिटरने फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहायची, ही आपल्या शाळेची रीत सगळ्यांना आठवत असेल. आठवीत आमचा मॉनिटर आजारी पडला आणि पंधरा दिवसांसाठी खडू माझ्या हाती आला. तोवर मी कुणाच्या खिजगणतीत नव्हतो. दुसऱ्याच दिवसापासून न मागता कंपास पुढे येऊ लागला, बाकावर सरकून मला जागा होऊ लागली. ज्या दोन दांडगटांना मी टरकून असायचो, तेही गोड बोलू लागले.

पाचव्या दिवशी त्यांच्यातला एक माझ्या कानाशी लागला, "त्याचं नाव लिही." 'तो' म्हणजे शेवटच्या बाकावर निमूट चित्रं काढणारा मुलगा. मी लिहिलं. नावापुढे दोन फुल्याही मारल्या. दुसरी फुली मारताना खडू करकरला आणि त्याने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. तो बोलत नव्हता हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. कुणी चकार शब्द काढला नाही.

सर आले, फळा वाचून त्याला उभं केलं. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उठली. "सर, तो बोलत नव्हता."

वर्ग चिडीचूप. मग तिच्या शेजारची उठली. मग मधल्या रांगेतला एक जण. मग एकच गलका झाला, आणि त्यात माझ्या कानात सांगणाऱ्याचाही आवाज होता! सरांनी मला एक शब्दही सुनावला नाही, डस्टर पुढे केलं. खडू अजून माझ्याच हातात होता, पण आता त्याला कुणी भीत नव्हतं.

पुढे मानसशास्त्र शिकताना हा तास मला पुन्हा पुन्हा भेटला. टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात १९६४ साली माइक नावाचा एक चिंपांझी रॉकेलचे रिकामे डबे खडखडवत धावून जायचा. बाकीचे नर बिचकून बाजूला होत. तेवढ्यावर तो टोळीचा म्होरक्या झाला. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या प्रयोगात, वरून हुकूम आला म्हणून ४० पैकी २६ जणांनी पलीकडच्या खोलीतल्या माणसाला ४५० व्होल्टपर्यंत झटके दिले. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते खरेच वाटत होते. हा आकडा बहुतेकांना माहीत असतो. मला दुसरा महत्त्वाचा वाटतो: त्याच प्रयोगाच्या आणखी एका फेरीत सोबतचे दोघे "आम्ही हे करणार नाही" म्हणून थांबले, तेव्हा ४० पैकी चौघेच शेवटपर्यंत गेले.

म्हणून माणूस मुळात चांगला की वाईट, असं कुणी विचारलं की मला तो वर्ग दिसतो. चित्रं काढणाऱ्या मुलाचं नाव लिहिणारा मीच होतो आणि त्याआधी मी कुणाचं वाकडं केलं नव्हतं. खरं काय ते त्या सगळ्यांच्या मनात आधीपासून होतं, पण प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत बसला होता. तरी माझा कल चांगुलपणाकडेच आहे. १९६५ साली प्रशांत महासागरातल्या टोंगा या देशातल्या एका निवासी शाळेतली सहा मुलं होडी घेऊन पळाली आणि अता या निर्जन बेटाला लागली. तिथे ती पंधरा महिने राहिली. पाळ्या लावून विस्तव जागता ठेवला. भांडण झालं की दोघांनी दोन दिशांना जाऊन डोकं शांत करून यायचं. एकाचा पाय मोडला, तर त्याचं काम बाकीच्यांनी वाटून घेतलं. हुकूम सोडायला कुणी मोठं माणूस नव्हतं तिथे.

चित्रं काढणाऱ्या त्या मित्राची माफी मी दहावीच्या निरोप समारंभात मागितली. त्याने "कधीचं काय घेऊन बसलास" म्हणत माझ्या वहीत एक होडी काढून दिली. वही अजून माझ्याकडे आहे.

खिडकीजवळच्या त्या मैत्रिणीशी मात्र बोलायचं राहून गेलं. शाळेच्या महोत्सवाला ती येणार असेल, तर तिला एवढंच विचारायचं आहे: तू उठलीस आणि दुसरी उठेपर्यंत मधे जो वेळ गेला, तेवढ्या वेळात तुझ्या मनात काय चाललं होतं गं?