चिकू गप्प का बसली होती

गेले चार दिवस माझे मन एकाच गोष्टीभोवती घिरट्या घालत आहे, आणि ती गोष्ट इतकी लहान आहे की वहिनींना फोनवर सांगायला घेतली तर दोन वाक्यांत संपली. खालच्या मजल्यावरची मुलगी जूनमध्ये नोकरीसाठी बंगळुरूला जाणार आहे, तिथल्या घरमालकाला प्राणी चालत नाहीत, म्हणून तिची सशीण मी ठेवून घेईन का, असे तिने विचारले आणि नुसते पाहून यावे म्हणून मी रविवारी संध्याकाळी खाली गेले. चिकू तिचे नाव. चिकूच्या सालीचा जो रंग, तोच तिचा. दुकानदाराने नर म्हणून दिली होती, पुढे मादी निघाली, तरी मुलीच्या आईच्या तोंडी अजून ‘तो’च बसला आहे. मी सतरंजीवर बसले, चिकूला दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतले, आणि ती जागची हलली नाही. कान पाठीला चिकटवून, पाय पोटाखाली घेऊन, डोळे उघडे ठेवून ती इतकी निमूट बसली की मला भरून आले. “किती शांत आहे ग, लगेच रुळली माझ्याशी,” मी म्हणाले. मुलगी क्षणभर थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, “काकू, ती शांत नाहीये, घाबरली आहे.”

मग तिने माझी दोन बोटे चिकूच्या पुढच्या पायांमागे, छातीखाली नेऊन टेकवली. मला वाटले होते की तिथे ठोके लागतील आणि ते मोजता येतील. पण मोजण्यासारखे तिथे काही नव्हते, एक सलग थरथर होती, टाकी भरताना पाण्याच्या मोटारीवर हात ठेवला की लागते तशी. निवांत बसलेल्या सशाचे काळीजही मिनिटाला १८० ते २५० वेळा धडधडते, हे मी नंतर वाचले. मी तिला घाईने खाली ठेवले. ती चार ढांगांत पलंगाखाली गेली आणि तिथून तिने मागचा पाय एकदा फरशीवर आपटला. एवढ्याशा जिवाच्या मानाने तो आवाज फार मोठा होता. बिळातल्या बाकीच्यांना सावध करण्यासाठी ससे असा पाय आपटतात, असे मुलीने सांगितले. त्या खोलीत सावध करावे असे तिचे दुसरे कोणी नव्हते, आणि जिच्यापासून सावध व्हावे ती मी होते.

अनोळखी बाईला एक ससा घाबरला, यात मनाला लावून घेण्यासारखे काही नाही, हे मला समजते. मला लागले ते वेगळेच. तिची भीती माझ्या मांडीवर बसलेली असताना मी सुखावले होते. त्या दोन-तीन मिनिटांत मी मनातल्या मनात तिला घरी आणूनही मोकळी झाले होते. मागच्या खोलीत तिची जागा ठरली होती, संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना ती पायाशी घुटमळेल असे चित्रही रंगले होते. आणि ज्याच्या आधारावर मी हे सारे रचले तो तिचा निमूटपणा म्हणजे, आता जीव जाणार असे वाटल्यावर या प्राण्याला सुचणारा शेवटचा उपाय होता.

सशाला मारून खाणारे पुष्कळ, आणि तो मात्र कोणाला मारून खात नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात ते त्यासाठीच. मागचे, वरचे, आजूबाजूचे त्याला जवळजवळ सारे दिसते, दिसत नाही ते फक्त अगदी नाकासमोरचे. मी लाडाने तिच्या नाकाखाली तळहात धरला, तेव्हा नेमक्या त्याच आंधळ्या जागी तो धरला होता. आणि दुखले-खुपले तरी हा प्राणी ते दाखवत नाही, कारण कळपात जो लंगडतो किंवा विव्हळतो तो आधी उचलला जातो. म्हणून ससा आजारी पडला की गप्प बसतो, कोपरा धरतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की आज स्वारी निवांत आहे. इथपर्यंत वाचले आणि मी पुढे वाचू शकले नाही.

आई शेवटच्या वर्षी रोज संध्याकाळी म्हणायची, “बरं आहे ग.” मी ऑफिसातून येताना दारातूनच विचारायचे, ती पलंगावरूनच सांगायची, आणि मी हातपाय धुवायला जायची. त्या ‘बरं आहे’ने मला किती बरे वाटत असे, हे मला आज आठवते आहे. तिचे डोळे मी पाहिले होते का, ते आठवत नाही. असो.

सगळे म्हणतात की तुला ससाच योग्य. कुत्र्याला दोन वेळा फिरवायला न्यावे लागते, मांजर घरात टिकेल याचा भरवसा नाही, पोपट तर आता पाळूच नये. ससा कसा, आवाज नाही, तक्रार नाही, एक गाजर टाकले की झाले, असे वहिनी म्हणाल्या आणि मीही मान डोलावली होती. काल रात्री झोप येईना तेव्हा मला स्वतःलाच विचारावे लागले की ‘तक्रार नाही’ हे शब्द मला इतके का आवडले. हे गेल्यापासून, आणि धाकटी पुण्याला गेल्यापासून, घरात कोणीतरी असावे असे मला वाटते, हे खरे आहे. पण त्या कोणीतरीने मला काही मागू नये, रात्री उठवू नये, माझे चुकले असे म्हणू नये, असेही मला वाटत होते. काल रात्री या विचाराने मला रडू आले. माणसे एकेक करून निघून जातात आणि ज्याला मी मायेने जवळ घेते त्या मुक्या जिवालाही माझी भीती वाटते, अशा काहीशा भावनेत मी पहाटेपर्यंत पडून होते, आणि मुलांना मी पाठीवर पान पडले म्हणून आभाळ पडले असे समजणाऱ्या सशाची गोष्ट किती हसत-हसत सांगत असे, तेही मला टोचत राहिले. पाठीवर काहीतरी पडले की पळावे, याच शहाणपणावर त्याची जात आजवर जगली आहे.

सकाळी उठून मी गच्चीत गेले आणि गणपतीसाठी दूर्वा खुडताना मुलीला हाक मारली, ती चिकूला टोपलीत घालून वर घेऊन आली. या वेळी मी हात लावला नाही. जमिनीवर बसले, चिकूकडे पाठ केली नाही पण तोंडही केले नाही, आणि दूर्वांची एक जुडी अंतरावर ठेवून दिली. बऱ्याच वेळाने ती आली. तिने एक काडी टोकाकडून धरली आणि जबडा आडवा-आडवा हलवत ती आत घेऊ लागली. शिवणयंत्राखालून पट्टी सरकावी तशी ती हिरवी काडी सरळ आत आत जात होती आणि शेवटचे टोक नाहीसे होताच ओठ पुन्हा मिटत होते. तेवढ्या शांततेत दातांचा बारीक करकर आवाज मला स्पष्ट ऐकू आला. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर वर्षाला १० सेंटीमीटरांच्या आसपास, आणि ते झिजतात ते गवत असे तासन्‌तास चावल्याने. गाजर हा त्याच्यासाठी खाऊ आहे, साखर जास्त. रोजचे जेवण म्हणजे गवत, मुख्यतः वाळलेले आणि लांब काड्यांचे. आपल्याकडे माळव्यात गव्हाचा भुसा हवा तितका मिळेल, पण चुरडलेला, धुळीचा भुसा म्हणजे गवत नव्हे. परदेशी टिमथी गवत पिशवीत बंद होऊन येते, ते मुलगी मागवते. दूर्वा मात्र माझ्याकडे कुंड्या भरून आहेत, आणि बाप्पाच्या वाट्याला आजवर त्यातल्या एकवीसच जात आल्या.

मी तिला आज बरेच विचारले, आणि मला जाणवले की रविवारी मी ‘चावते का, वास येतो का, गादी कुरतडते का’ एवढेच विचारले होते. आज विचारले ते लेंड्या किती आणि केवढ्या, हे. कारण सशाचे पोट सतत चालते राहावे लागते. दहा-बारा तास त्याने काही खाल्ले नाही आणि लेंड्या थांबल्या, तर ते लाडे-लाडे रुसणे नसते, आतडे थांबलेले असते आणि एका दिवसात जीव जाऊ शकतो. त्याला उलटी होत नाही, त्यामुळे आत गेलेले बाहेर यायला दुसरी वाट नाही. पहाटे तो द्राक्षांच्या लहान घडासारख्या दिसणाऱ्या मऊ लेंड्या थेट तोंडाने उचलून खातो. मुलीच्या आईला अजून याची किळस वाटते, पण गाय रवंथ करते तसेच हे, पहिल्या वेळी हाती न लागलेले सत्त्व दुसऱ्या वेळी काढून घेणे आहे. म्हणजे या न बोलणाऱ्या प्राण्याचे सारे बोलणे गवताच्या टोपलीत आणि कचऱ्याच्या सुपलीत लिहिलेले असते, आणि रोज सकाळी ते वाचणारे कोणीतरी लागते. घरातल्या औषधांच्या डब्यालाही मनानेच हात लावायचा नाही. माणसांना सर्रास दिली जाणारी ॲमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविके सशाच्या पोटात गेली तर ती त्याच्या जिवावर बेततात. सशाचे जाणणारे डॉक्टर सगळीकडे नसतात. इंदूरजवळ महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण रात्री दोन वाजता महूचे वीस-पंचवीस किलोमीटर फार लांब असतात. शिवाय चिकूची नसबंदीची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे, आणि तशा राहिलेल्या माद्यांना वयाबरोबर गर्भाशयाच्या कर्करोगाचा मोठा धोका असतो.

आणि मग उन्हाळा. पाळीव ससा हा मुळात स्पेन-पोर्तुगालकडच्या रानसशाचा वंशज आहे, तो उन्हापासून वाचायला जमिनीत खोल बीळ करतो. आपल्या शेतांतला ससा निराळा. तो बीळ करत नाही, त्याची पिल्ले केसांसह आणि उघड्या डोळ्यांनी जन्माला येतात, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे त्याला पाळताही येत नाही. चिकूला दुसऱ्या मजल्यावर बीळ कुठून मिळणार? तिला घाम येत नाही, अंगातली उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः कानांवाटे, म्हणून नुसत्या पंख्याचा तिला फारसा उपयोग नाही. ३० अंशांच्या वर तिला त्रास सुरू होतो. इंदुरात एप्रिलच्या या शेवटच्या आठवड्यात बाहेर ४१ आहे. रामबागेतल्या जुन्या घरात जाड भिंतींची खालची खोली होती, तिथे वैशाखातही अंगावर चादर लागायची. ते घर गेले त्याबद्दल मी आता लिहीत बसत नाही.

सोमवारी मी भिंतीवरचा तापमापक काढून मागच्या खोलीत जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगला, कारण सशाचे जग तेवढ्याच उंचीवर असते. त्या दिवशी दुपारी दोनला पंखा चालू असून ३५. काल खिडकीला ओली जाड चादर लावली, तेव्हा ३३. माळव्याची रात्र गार होते म्हणून लोकांनी तिचे कौतुक केले, आणि खरेच पहाटे पाचला २५ होते. पण दुपार ही दुपार आहे.

धाकटीचा फोन आला होता. “आई, दहा वर्षं जगतात ग ते. तुझ्याच्याने होईल का?” तिने काळजीनेच विचारले, आणि मला राग यायला हवा होता तो आला नाही. चिकू दोन वर्षांची आहे, नीट सांभाळली तर आणखी सहा ते दहा वर्षे. मी एकसष्टची आहे. हा हिशोब मी कालच केला होता आणि काल तो फार दुःखाचा वाटला होता. आज मी तिला एवढेच म्हणाले की दहा वर्षे रोज सकाळी खाली वाकून पाहावे लागणार असेल तर गुडघ्यांचे व्यायाम आजपासूनच सुरू करते, आणि माझ्यानंतर चिकू कोणाची, हे तू आणि मी कागदावर लिहून ठेवू. ती गप्प झाली. मग मी तिला विचारले, “तू बरी आहेस ना?” ती म्हणाली, “हो, बरी आहे.” मी फोन ठेवला नाही. पुन्हा विचारले. त्यानंतर आम्ही पाऊण तास बोललो, त्यातले इथे लिहिण्यासारखे नाही.

संध्याकाळी खाली जाऊन मुलीला सांगितले की आत्ताच हो म्हणत नाही. पण तू इथे आहेस तोवर चिकूला पंधरा दिवस माझ्याकडे राहू दे, म्हणजे माझे काय चुकते ते तू पाहशील. तिने लगेच वही काढून कोणत्या वेळी किती गवत ते लिहून दिले, आणि गुळगुळीत फरशीवर तिचे पाय घसरतात म्हणून चटया अंथरायला सांगितल्या. चार चटया लागतील. गच्चीवर मांजर येते, तेव्हा तिथे तिला एकटी सोडायची नाही. उचलायचे ते फक्त गरजेपुरते, एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली, आणि मांडीवर घेण्याचा हट्ट मी करणार नाही.

आज दुपारी दोनला कूलर लावून ३१. कूलरच्या जाळ्यांतले गवत तीन वर्षांचे जुने आहे, ते उद्या सकाळी बदलून घेते आणि दोनला पुन्हा पाहते.