साइटवर ७५० वॉट, लेबलवर ५०० वॉट, आणि माझा रिफंड

मिक्सर बंद पडतोय असं कस्टमर केअरला एकदा का सांगितलं की संपलं, मग ते म्हणणार वॉरंटी आहे ना मॅडम, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावा, टेक्निशियन येईल, बघेल, आणि तो येऊन बघेपर्यंत इकडे रिटर्नची मुदत गेलेली असते. म्हणून मी शेवटपर्यंत एकच गोष्ट धरून ठेवली, साइटवर ७५० वॉट लिहिलंय आणि मिक्सरच्या बुडाला चिकटवलेल्या लेबलवर ५०० छापलंय. बास. बाकी वास, आवाज, गरम होणं हे सगळं नंतर.

तर झालं असं की आईचा जुना मिक्सर गेला म्हणून नाशिकला इंदिरानगरच्या घरी हा ऑनलाइन मागवून दिला, २,७९९ रुपयांना, सेल चालू होता. मसाला काय आम्ही डंकावरनंच कुटून आणतो, त्यामुळे मिक्सरला काम म्हणजे दाण्याचा कूट, खोबरं आणि इडलीचं पीठ, एवढंच. पहिल्यांदाच भिजवलेली उडदाची डाळ टाकली आणि थोड्याच वेळात जळका वास, मोटर बंद, खालचं लाल बटण बाहेर आलेलं. बटण दाबून परत चालू केला, परत तेच. आई म्हणाली, "तुला म्हटलं होतं ना मेन रोडवरनं घेऊ, तिथनं घेतला असता तर आत्ता जाऊन त्याच्या काउंटरवर आदळला असता." बाबा काही न बोलता मिक्सर उलटा करून मोबाइलच्या टॉर्चमध्ये बूड वाचत बसले होते, लेबल त्यांनाच दिसलं.

नवीन मोटरला सुरुवातीला थोडा वास येतो हे खरंय, आणि चॅटवरचा पोरगा नेमकं तेच सांगत होता, दोनचार वेळा वापरून बघा मॅम. म्हणूनच सांगते की बिघाडावर वाद घालू नका, त्यात त्यांच्याकडे उत्तरं तयार असतात. ७५० का ५०० याला उत्तर नसतं.

अॅपमध्ये रिफंडचा पर्यायच नव्हता, फक्त रिप्लेसमेंट. म्हणजे अजून एक ५०० वॉटचा घ्या. "आमची पॉलिसी अशीच आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की झोपेत म्हणेन. पण पॉलिसी त्यांची असली तरी वर नियम आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले, त्यात सरळ लिहिलंय की वस्तू सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. ठरल्यापेक्षा उशिरा आली तरी हेच, फक्त पूरबीर असलं कारण सोडून. त्याच नियमांप्रमाणे प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार मिटवायची. हे नाव साइटच्या तळाला बारीक अक्षरात कुठेतरी लपलेलं असतं पण असतं.

फोनवर बोलणं मी बंदच केलं, जे काय ते मेलवर. सोबत बिल, लेबलचा आणि सिरियल नंबरचा फोटो, वास येऊन मिक्सर बंद पडतो त्याचा व्हिडिओ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रॉडक्टच्या पानाचा स्क्रीनशॉट. तो आधी काढून ठेवा बरं का, कारण नंतर बघितलं तर त्या पानावरनं वॉटचा आकडाच गायब!! मग उत्तर आलं की आम्ही फक्त मार्केटप्लेस आहोत, तुम्ही सेलरशी बोला. सेलर तिकडे परराज्यात, बिलावरचा फोन उचलत नाही. आणि हे "आम्ही फक्त मधले" प्रकरण दरवेळी चालतंच असं नाही, २०२२ मध्ये निकृष्ट प्रेशर कुकरच्या बाबतीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दोन मोठ्या साइट्सना प्रत्येकी लाखाचा दंड आणि ग्राहकांचे पैसे परत करायचे आदेश काढले होते. मी मेलमध्ये हेही टाकलं, उगाच नाही.

तरी हलेनात, तेव्हा १९१५ वर फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलतात. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर मिळतो. ते काही कोर्ट नाही, आदेश देत नाहीत, तक्रार कंपनीकडे पाठवतात एवढंच, पण तेवढ्यानेच कंपनीतनं वेगळाच माणूस फोन करतो, गोड बोलणारा. त्याने आधी वॉलेटमध्ये पैसे टाकतो म्हणून सांगितलं. मी म्हटलं दादा, पैसे युपीआयने दिलेत, तिथेच परत पाठवा, मला तुमच्याकडनं अजून काही घ्यायचं नाहीये.

मग पिकअप. हा एक वेगळाच ताप. आलेला पोरगा बिचारा चांगला होता, पण त्याच्या मोबाइलमध्ये यादी असते, जार किती, झाकणं किती, आणि यादीत एखादी वस्तू कमी दिसली की पिकअप कॅन्सल. "ताई, चटणी जारचं झाकण?" ते भांड्यांच्या रॅकमध्ये होतं, आईने घासून वाळत ठेवलेलं. खोका आणि थर्माकोल बाबांनी माळ्यावर टाकून ठेवला होता म्हणून वाचलो, नाहीतर भंगारवाल्याकडेच जायचा. वस्तू नेताना पिकअप झाल्याचा मेसेज आल्याशिवाय खोका सोडू नका.

अॅपवर "रिफंड झाला" दिसायला लागलं आणि बँकेत काहीच नाही, अशा वेळी साइटकडनं युटीआर नंबर, म्हणजे पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा नंबर मागा. तो दिला की बँकेला पैसे कुठे अडकलेत ते शोधता येतं, नाहीतर साइट म्हणते बँकेला विचारा आणि बँक म्हणते साइटला विचारा. याच काळात गुगलवर कस्टमर केअरचा नंबर मात्र चुकूनही शोधू नका. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी असाच नंबर लावला, समोरच्याने रिफंडसाठी पिन टाकायला सांगितला आणि होते तेही गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. असं झालंच तर लगेच १९३० ला फोन.

मला ग्राहक आयोगापर्यंत जावं लागलं नाही पण माहिती काढून ठेवली होती. तक्रार ई-जागृती पोर्टलवरनं करता येते, आपण राहतो त्याच जिल्ह्यात, म्हणजे सेलर कुठलाही असला तरी आपलं नाशिकच. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांची मुदत असते. हे सगळं पुढची पायरी म्हणून मेलमध्ये लिहिलं की समोरच्याचा सूर बदलतो.

पैसे आले. २,७९९ मधले ४९ कापून. प्लॅटफॉर्म फी म्हणे, ती परत मिळत नाही. आई म्हणते जाऊ दे आता, ४९ रुपयांसाठी कशाला डोकं लावतेस. मी त्याच मेलच्या खाली रिप्लाय टाकलाय, तोच डॉकेट नंबर घालून.